कॉल लेटर आलं होतं, जाणं झालं नाही

पहिला फोन बहुतेक वेळा बायकोचाच येतो. "मॅडम, यांना काय झालंय कळंना झालंय. बोलत नाहीत, बोललं तर खेकसतात, रात्री तीनला उठून मोबाईल घेऊन बसतात आणि विचारलं की म्हणतात सगळे पुढं गेले, मीच मागं राहिलो, आता काय उपयोग. वय म्हणाल तर सेहेचाळीस. याला औषध असतंय काय?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, बेळगावातून येतो, खानापूरहून येतो, निपाणीहून येतो, एकदा तर संकेश्वरहून एका मुलीनं वडिलांसाठी केलेला. सगळ्यांना फोनवर पुरेसं सांगता येत नाही, म्हणून एकाचंच जरा सविस्तर सांगते. नाव, गाव, धंद्यातले बारकावे बदललेत, त्याला विचारूनच लिहितेय, आणि खरं सांगायचं तर ह्यात दोन-तीन जण मिसळलेत. त्याला आपण परशराम म्हणू, बायकोला लता.

परशराम आला नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माझी समुपदेशनाची खोली टिळकवाडीत एका मेडिकलच्या वर आहे, जिना रस्त्यावरूनच दिसतो आणि आपल्याकडं तर काय, दर चौथा माणूस पाहुणा नाहीतर पाहुण्याचा पाहुणा. म्हणून पुरुष मंडळी गाडी दोन गल्ल्या पलीकडं लावतात, खाली मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घेतल्यासारखं करतात आणि कुणी बघत नाही असं बघून वर येतात. परशरामच्या हातात पण गोळीची पट्टी होती.

"मला काय झालेलं नाही मॅडम. हिनं धाडलं म्हणून आलोय."

मी म्हटलं बरं, मग वहिनींची तक्रार काय आहे ते सांगा. हे विचारलं की पुरुष बोलतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव, स्वतःबद्दल विचारलं की तोंडाला कुलूप आणि बायको काय म्हणते विचारलं की सगळं घडाघडा बाहेर.

तर परशराम टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारा. १९९३ ला एसएसएलसी म्हणजे दहावी, मराठी मीडियम, मग आयटीआय, मग दुसऱ्याच्या वर्कशॉपात दहा-बारा वर्षं, आणि आता उद्यमबागेत भाड्याचं शेड, दोन साधे लेथ, एक ड्रिल मशीन, हाताखाली एक पोरगा. घर येळ्ळूर रस्त्याच्या बाजूच्या एका गावात, दीड एकर शेत, पावसाळ्यात भात आणि नंतर मसूर. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला. कर्ज आहे पण बुडेल असं नाही. त्याचेच शब्द सांगते, "उपाशी नाही मॅडम, पण हितंच बसालोय."

हे 'हितंच' कधीपासून बोचायला लागलं ते शोधायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बॅचचं गेट टुगेदर झालेलं, तीस वर्षं पूर्ण. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, फेटे, सरांना शाल-श्रीफळ, आणि मग एकेकानं उठून आपण काय करतो ते सांगायचं. एक दुबईला, एक बँकेत मॅनेजर, एकाचं कंत्राटदारीत बस्तान बसलेलं, एकजण मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर. परशराम उठला, "वर्कशॉप आहे, उद्यमबागला" म्हणाला आणि बसला. जेवताना बाकावर शेजारी बसणारा जुना दोस्त बोलला, "अजून तेच काय रे?"

तेच. एवढा एकच शब्द. दोस्त कुठल्या सुरात बोलला ते परशरामला आठवतच नाही, चेष्टेत म्हणाला असेल, सहज म्हणाला असेल, पण शब्द मात्र अडकला. मग सप्टेंबरला गणपतीला धाकटा भाऊ पुण्याहून नवीन गाडी घेऊन आला आणि आरती झाल्यावर चारचौघांत म्हणाला, दादा आता लेथचं युग गेलं, दुसरं काहीतरी बघ. तिथून बोलणं बंद. रोज संध्याकाळी दारूची नाइन्टी, पुढं पुढं दोन नाइन्टी, तीनला जाग, आणि जाग आली की बॅचचा ग्रुप उघडून कुणी काय फोटो टाकलाय ते बघत बसायचं.

आता इथं जरा थांबते, कारण 'मागं राहिलो' म्हणणाऱ्याला लगेच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला सगळे तयार असतात, मी पण सुरुवातीच्या वर्षांत सांगायचे. आता आधी तब्येत बघते. नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी असते, पीएचक्यू-९ म्हणतात, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, असं विचारून शून्य ते सत्तावीस मार्क देतात. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट लक्ष द्यायचं. परशरामचे चौदा आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तो मी तोंडी पुन्हा विचारते, सरळ डोळ्यांत बघून, आडून आडून नाही. विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, आलेला असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. तो बराच वेळ किल्ली फिरवत बसला आणि म्हणाला, "मरावं असं नाही. पण सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतंय कधी कधी."

हे वाक्य हलकं घ्यायचं नसतं. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या त्यात दर दहामागे सात पुरुष होते, आणि बाईमाणूस निदान कुणाजवळ तरी रडते, आपला पुरुष चिडतो. उदास झालेला पुरुष उदास दिसतच नाही कित्येकदा, तो तापट दिसतो, म्हणून घरच्यांना वाटतं माजलाय, वयाबरोबर स्वभाव बिघडलाय. मी लतावहिनींना त्याच्यासमोरच बोलावून सगळं सांगितलं, रात्री अपरात्री वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तो दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावला, आणि एका फिजिशियनकडं पाठवलं. शुगर, थायरॉईड, बी-१२ तपासा म्हटलं. शुगर काठावर, थायरॉईड ठीक, बी-१२ बरंच कमी निघालं. मानसोपचार डॉक्टरांनाही एकदा दाखवलं, त्यांनी गोळी लगेच दिली नाही, दारू बंद करून महिन्यानं या म्हणाले. सगळ्यांचं असं होत नाही, काहींना गोळी लागतेच आणि ती घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे.

आणि दारूचं. दारूनं झोप लागते हे खरं, पण उतरायला लागली की पहाटे टक्क जाग येते आणि मग पुन्हा डोळा लागत नाही. परशरामची तीन वाजताची जाग निम्मी नाइन्टीनं आणलेली होती. हे त्याला पटलं, कारण यंत्रातला माणूस, कारण आणि परिणाम दाखवला की ऐकतो. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा ठरलं. ग्रुप सोडू नका म्हटलं, सोडला की ग्रुपच्या अ‍ॅडमिनला कळणार आणि मग फोनावर फोन, नुसता म्यूट करा.

तिसऱ्या वेळी आला तेव्हा जरा माणसात होता. मग मी विचारलं, मागं राहिलो म्हणजे कुणाच्या मागं? नावं लिहा. त्यानं सहा नावं लिहिली, पाच वर्गातली, एक बाहेरचं. मी विचारलं वर्गात किती होता? बावन्न. ग्रुपवर किती? अडतीस. मग तुम्ही आणि हे पाच सोडून उरलेल्या सेहेचाळीस जणांचं काय? तो गप्प. तिघं वारलेत म्हणाला. एक दारूत गेला. दोघं शेती करतात, एक रिक्षा चालवतो, तो तर गेट टुगेदरला आलाच नाही. "त्याला मी फोन पण केला नाही मॅडम," असं पुटपुटला आणि हे तो स्वतःहून म्हणाला.

फेस्टिंगर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५४ मध्ये हे मांडून ठेवलंय की माणूस स्वतःचं माप आपल्यासारख्याच लोकांशी ताडून बघतो. अंबानीचा हेवा कुणाला वाटत नाही, बाकावर शेजारी बसलेल्याचा वाटतो. 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द तर १९६५ चा, एलियट जॅक्स नावाच्या मानसविश्लेषकाचा, आणि तो लिहीत होता चित्रकार-संगीतकारांबद्दल, लेथवरच्या माणसाबद्दल नव्हे. पुढं ब्लँचफ्लावर आणि ऑसवाल्ड या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच देशांची आकडेवारी घेऊन २००८ मध्ये दाखवलं की समाधानाचा आलेख चाळिशीच्या मध्याला तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. ह्यावर वाद आहेत, सगळीकडं तसंच दिसतं असं नाही. मी परशरामला कागदावर तो आलेख काढून दाखवला, तर तो बघून म्हणाला, "म्हणजे सगळेच खाली येतात? मग हे पुढं गेलेले कुठं गेलेत?" पहिल्यांदा हसला त्या दिवशी.

पण एवढ्यानं काम झालं असतं तर काय पाहिजे होतं. तुलना करू नका म्हणून सांगणं सोपं आहे हो. आणि एक गोष्ट इथं बोललीच पाहिजे, ती बाहेरच्या समुपदेशकाला कदाचित लक्षात यायची नाही. आपल्या ह्या भागात पन्नाशीच्या आसपासचे जे मराठी मीडियमचे पुरुष आहेत, त्यातल्या कितीतरी जणांचं मागं राहणं हे काही सगळं मनाचा खेळ नाही. कन्नड पक्कं नाही म्हणून सरकारी नोकरीचा अर्जच केला नाही असे माझ्यासमोर येऊन गेलेत, पंचायतीत, तहसीलला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याला न्यावं लागतं आणि त्याची लाज वाटते असे येऊन गेलेत. त्यात पुन्हा २०१६ ची नोटबंदी, १७ चा जीएसटी, २० चा लॉकडाऊन, लहान जॉबवर्कवाला त्यात किती वेळा आपटला ते उद्यमबागेत कुणालाही विचारा. अशा माणसाला 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणणं हा मला तरी अपमान वाटतो. राजकारणात मी जात नाही, माझ्याकडं दोन्ही भाषांची माणसं येतात आणि दुःख दोन्हीकडं सारखंच असतं, पण जे खरंच घडलंय ते घडलंय म्हणून मान्य केलं नाही तर पुढचं बोलणंच होत नाही.

परशरामचे वडील सीमा चळवळीतले. १९८६ ला कन्नड सक्तीविरोधात आंदोलन झालं तेव्हा काही दिवस आत होते. घरात कायम एकच वाक्य, एकदा महाराष्ट्रात गेलो की बघ पोरा. १९५६ ला सीमा आखली गेली तेव्हापासून आजोबा वाट बघत होते, मग वडील. "आमच्या घरात वाट बघायची सवयच आहे मॅडम," परशराम म्हणाला, "देव्हाऱ्यात जसा टाक असतोय तशी." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, तेव्हा त्याचा खरा अर्थ मला कळला नव्हता.

चौथ्या-पाचव्या वेळेला मी त्याला जीवनरेषा काढायला दिली. हे मी बऱ्याच जणांना देते, एक आडवी रेघ मारायची, जन्मापासून आजपर्यंत, आणि महत्त्वाच्या गोष्टी त्यावर मांडायच्या. लोक वेडीवाकडी काढतात. ह्यानं माझ्याकडून स्केल मागून घेतली, दर वर्षाला अर्धा सेंटिमीटर धरला आणि एवढ्या बारकाईनं काढली की बघत राहावं. ९३ एसएसएलसी. ९५ आयटीआय. ९६ अप्रेंटिस. २००३ लग्न. २००४ वडील वारले, मुलगा झाला. २००८ स्वतःचं शेड. आणि इकडं २००० च्या शेवटी 'पुण्याला जाऊन आलो' असं लिहिलेलं, त्याच्यापुढं लग्नापर्यंत काहीच नाही. कोरी रेघ. ज्या माणसानं ९६ साली व्हर्निअर घेतला तेसुद्धा लिहिलंय, त्याच्या वयाच्या चोविसाव्या, पंचविसाव्या वर्षी काहीच घडलं नाही?

"इथं काय झालं?"

"काय नाही."

"पुण्याला कशाला गेला होता?"

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, सुरू होत नव्हती, किका मारण्याचा आवाज. तेवढा वेळ तो काही बोलला नाही. मी पण नाही. माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, गप्प बसणं, आमच्या आईला विचारा मी जन्मजात बडबडी आहे.

मग त्यानं सांगितलं. चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात इंटरव्ह्यू दिला होता. लेथवर प्रॅक्टिकल घेतली, साठ-सत्तर पोरांतून सात घेतले, त्यात हा. ऑगस्ट २००१ मध्ये कॉल लेटर आलं. पोस्टमन पारावरच भेटला, तिथंच ह्यानं पाकीट फोडलं, वाचलं, घडी करून खिशात घातलं. घरी वडिलांना लकवा मारून तीन आठवडे झाले होते, आई एकटी, भाऊ पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. गेलो असतो तर भावाला शिक्षण सोडून घरी बसावं लागलं असतं, हा त्यानं पारावर उभ्या उभ्या काढलेला हिशोब. जॉइन व्हायची तारीख निघून गेली. पाकीट आयटीआयच्या सर्टिफिकेटखाली, पत्र्याच्या पेटीत.

"कुणाला सांगितलं?"

"कुणाला नाही."

वडिलांना नाही, आईला नाही, भावाला नाही. लता तर तेव्हा यायचीच होती. वडील तीन वर्षं अंथरुणावर काढून २००४ च्या पावसाळ्यात गेले, त्याच वर्षी महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा घातला होता, तेवढी बातमी ऐकून गेले. दावा अजून आहे तसाच आहे.

बघा म्हणजे काय झालं होतं. ज्या भावामुळं तो थांबला त्या भावाला थांबल्याचं माहीतच नाही, आणि तोच भाऊ गणपतीत म्हणतोय दादा दुसरं काहीतरी बघ. न सांगितलेली उधारी कोण कशी फेडणार? परशराम बावीस वर्षं मनातल्या मनात वहीवर लिहीत होता आणि वही कुणाला दाखवत नव्हता. आणि 'माझं सगळं गेलं' म्हणतो त्या माणसाचं खोलात गेलं तर बहुतेक वेळा सगळं गेलेलं नसतंच, एक काहीतरी गेलेलं असतं, नाव-तारखेसकट, आणि त्याचं सुतक कधी पाळलेलं नसतं. माणूस गेला तर आपण बारा दिवस बसतो, लोक येतात, भाकरी आणून देतात. हुकलेल्या नोकरीला, मोडलेल्या लग्नाला, सोडलेल्या शिक्षणाला काही नाही. ते आतच कुजतं आणि पंचेचाळिशीनंतर त्याचा वास सगळ्या घरात पसरतो. माझ्याकडं येणाऱ्यांत कुणाचं मिलिटरी भरतीतलं अर्ध्या इंचानं हुकलेलं असतं, कुणाचं प्रेम, कुणाची कुस्ती. विचारल्यावर पटकन कुणी सांगत नाही, कारण इतकी जुनी गोष्ट अजून दुखते ह्याचीच लाज वाटते.

आता अशा वेळी सांत्वन म्हणून लोक म्हणतात, जे होतं ते बऱ्यासाठीच होतं, तिकडं गेला असतास तर वडिलांची सेवा घडली असती काय. मी तसं म्हटलं नाही. पुण्याचा परशराम त्यानं मनात बावीस वर्षं वाढवला होता, फोरमन झालेला, वाकडला फ्लॅट घेतलेला, मुलगा इंग्लिश मीडियमचा. मनात मांडे, पदरात धोंडे म्हणतात, आणि मांडे तर आमच्या बेळगावचेच, त्यामुळं आम्हाला ते जरा जास्तच चांगले करता येतात. पण सगळंच काही मांडे नव्हते. मी त्याला एवढंच म्हटलं, "गेला असता तर कदाचित खरंच बरं झालं असतं. मोठी संधी होती. गेली." ह्यावर तो रडला. टेबलावर डोकं ठेवून, आवाज न करता, फक्त खांदे. मी पंखा जरा मोठा केला, जिन्यावर पुढचा पेशंट येऊन बसला होता.

पुढचं मात्र मी चुकले, ते पण सांगते. मला वाटलं भावाला सांगितलं की मोकळा होईल, मी तसं सुचवलं, सुचवलं कसलं, जवळजवळ लावूनच धरलं. त्यानं आधी लताला सांगितलं, आणि लतावहिनी अशा भडकल्या की चार दिवस बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्याच आल्या, "माझ्या लग्नाच्या आधीचं हे, आणि खेकसून घ्यायचं मी वीस वर्षं? मला वाटायचं मीच आवडले नाही." बरोबर होतं त्यांचं. त्यांना पण वेगळा वेळ दिला दोनदा, त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतंच. नवऱ्याचं दुःख कळलं की बायकोनं लगेच विरघळावं अशी एक अपेक्षा असते आपल्याकडं, ती मला कधी पटली नाही.

मग शिमग्याला भाऊ आला तेव्हा परशरामनं त्याला शेतात नेऊन सांगितलं. मसूर काढून झालेलं रिकामं शेत, बांधावर दोघं बसलेले. भाऊ काही बोलला नाही, बरं म्हणाला, उठला, संध्याकाळी पुण्याला गेला. रात्री परशरामच्या फोनवर मेसेज, पन्नास हजार जमा. फोनपे.

तो माझ्याकडं आला तो लालबुंद. "मला पैसे पाहिजे होते काय मॅडम?" त्यानं ते तसेच परत पाठवले होते. मी विचारलं मग काय पाहिजे होतं. "काय की." बराच वेळ विचार करून म्हणाला, "त्यानं विचारायला पाहिजे होतं, तू लेथवर काय करून दाखवलंस इंटरव्ह्यूला म्हणून." मग मीच विचारलं. आणि त्यानं मला पाऊण तास सांगितलं, कुठली शाफ्ट दिली होती, किती मायक्रॉनमध्ये बसवली, तपासणाऱ्या साहेबानं मायक्रोमीटर दोनदा लावून बघितला. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण असा माणूस मी त्या खुर्चीत त्याआधी बघितला नव्हता. भावाचं आणि त्याचं पुढं काय झालं म्हणाल तर फार काही नाही, फोनवर बोलतात, ह्या विषयावर नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम करते. मन बरं झालं की कामाला लागेन असं माणूस म्हणतो, प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं, थोडं हातपाय हलले की मन मागून येतं. म्हणून सोडून दिलेलं काहीतरी शोधून पुन्हा धरायला सांगते. परशराम पूर्वी गल्लीच्या गणपतीला हलते देखावे करायचा, मोटर, गिअर, कॅम सगळं भंगारातून. दहा-बारा वर्षांपूर्वी सोडलेलं. मला वाटलं वा, सापडलं. गेला मंडळाच्या पोरांकडं, तर पोरांना एलईडी वॉल पाहिजे होती. भांडून परत आला. असं पण होतं.

जे जमलं ते मी सुचवलेलंच नव्हतं. त्या सहा नावांत एक नाव त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोराचं होतं, आता मच्छेला तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, टाकून बसलेला. त्याचा फोन यायचा, आण्णा एक पीसचं काम आहे करता काय म्हणून. सीएनसीवर एका पीससाठी प्रोग्रॅम आणि सेटिंगमध्येच वेळ जातो, परवडत नाही, शंभर पीस असले तर गोष्ट वेगळी. रसवंतीचा रोलर, वडगाव-खासबागातल्या मागाची शाफ्ट, गिरणीचा बुश, पंपाचं स्लीव्ह, असली सुटी कामं साध्या लेथवरच होतात आणि ती नीट करणारा हात कमी होत चाललाय. परशराम दोन वर्षं त्याला नाही म्हणत होता, शिष्याचं उष्टं कशाला खाऊ म्हणून. मार्चमध्ये हो म्हणाला, पण आधी रेट सांगितला आणि तो शिष्यापेक्षा जास्त सांगितला. त्यानं ऐकलं. उत्पन्न लई वाढलंय असं नाही, शेडचं भाडं पण वाढलं. नाइन्टी शनिवारी असते अजून. जूनमध्ये चाचणी पुन्हा घेतली, सहा मार्क. तीनची जाग कधीतरी येते म्हणतो, पण मोबाईल स्वयंपाकघरात असतोय, उठून जायचा कंटाळा येतो.

शेवटचा आला तेव्हा पाऊस धो धो, आपला बेळगावचा, छत्रीचा काही उपयोग नाही असला. गाडी ह्या वेळी जिन्याखालीच लावली होती. जाता जाता मी विचारलं, ते पाकीट कुठं आहे?

"तिथंच. पेटीत, सर्टिफिकेटखाली," म्हणाला. "परवा ही साफसफाई करत होती. म्हणाली हे प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पत्र्याला गंज चढलाय."